कोण रे तो? अंधारातल्या आवाजाच्या प्रकल्प नोंदी

११ जून २०२५

अंधारात न दिसणाऱ्या पात्राला आवाजाच्या वर्णनावरून ओळखता यावं, याचं काम आजपासून सुरू. या नोंदी पुढे कुणी वाचल्या तर त्याच्यासाठी पार्श्वभूमी: आमचा खेळ निव्वळ मजकुरी आहे. चित्र नाही, ध्वनी नाही. पडद्यावर ओळी येतात, खेळाडू ओळी टाइप करतो. काळ १९५५ चा, गाव गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातलं, काल्पनिक. पोर्तुगीज अमल, भारताने घातलेली आर्थिक नाकेबंदी, डोंगरापलीकडे सीमा, रात्री डोक्यावर ओझी घेऊन चोरवाटांनी चालणारी माणसं आणि त्यांच्यातच कुठेतरी एखादा खबऱ्या. अर्धा खेळ काळोखात घडतो.

खेळ ज्या सॉफ्टवेअरवर चालतो ते इंजिन एव्हेनिया. पायथॉनमध्ये लिहिलेलं, मुक्त स्रोत. त्याच्यासोबत मिळणाऱ्या रोलप्लेच्या, म्हणजे पात्र बनून खेळण्याच्या, जोडभागात चेहऱ्याची ओळख छान सोडवलेली आहे. अनोळखी पात्र नावाने दिसत नाही, 'पाठीत वाकलेला उंच माणूस' अशा वर्णनाने दिसतं. तुम्ही त्याला मनाशी एक नाव दिलंत की पुढे ते नाव फक्त तुम्हालाच दिसतं. तोंड झाकण्याचीही सोय आहे.

पण दिवा मालवला की सगळं मुसळ केरात. मे महिन्यातल्या चाचणीतल्या रानातल्या प्रसंगाच्या या ओळी:

कोणीतरी म्हणतं, "पुढे जाऊ नका."
कोणीतरी म्हणतं, "कोण म्हणतो?"
कोणीतरी म्हणतं, "मी."

इथे चाचणी थांबली, कारण सगळे हसत सुटले.

१३ जून

हे 'कोणीतरी' आमचं नव्हे, वारशाने आलेलं आहे. रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी १९७८ मध्ये इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात पहिला मड, म्हणजे अनेकांनी एकत्र खेळायचा मजकुरी खेळ, उभा केला. त्यानंतरच्या पिढीतला डिकूमड कोपनहेगन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी १९९०-९१ च्या सुमारास लिहिला, आणि त्याच्या वंशावळीत जे खेळ आले त्यांतल्या बहुतेकांत न दिसणारं पात्र 'कोणीतरी' होतं. त्यांचं त्यात काही बिघडलं नाही. राक्षस मारायचे असतील तर राक्षस कुठे आहे एवढंच कळायला हवं. आमच्या खेळात कुणावर भरवसा ठेवायचा हाच प्रश्न आहे, आणि तो प्रश्न नेमका अंधारातच पडतो.

२२ जून

पहिला आराखडा. प्रत्येक पात्राच्या डोक्यात दोन वेगळ्या वह्या: एक चेहऱ्यांची, एक आवाजांची. अंधारात ऐकलेल्या आवाजाला मी 'बाबलो' नाव दिलं, तर पुढे तो आवाज आला की मला 'बाबलो म्हणतो' दिसेल. पण दिवसा बाजारात तोच माणूस तोंड न उघडता शेजारून गेला तर मला नुसता 'पाठीत वाकलेला उंच माणूस' दिसेल. हा आवाज याच माणसाचा, ही जोडणी मी स्वतः आज्ञा देऊन करायची. खेळाने परस्पर करायची नाही.

आतेभावाचं म्हणणं होतं की समोर दिसणारा माणूस बोलताना ऐकला की जोडणी आपोआप व्हावी. तो म्हापशाहून सर्व्हर सांभाळतो, त्यामुळे खेळाडूंच्या तक्रारी आधी त्याच्या कानावर येतात. म्हणणं बरोबर आहे, पण आपोआप नको. समोर तोंड दिसतंय आणि शब्द ऐकू येताहेत, तेव्हा खेळ फक्त विचारेल: 'हा आवाज ओळखीचा वाटतो का?' नावं देण्याचं काम ऐकणाऱ्याचं.

१ जुलै

आवाजाचं वर्णन कसं करायचं यावर मास्तरांकडे गेलो. मास्तर पेडण्याचे, जत्रेतल्या नाटकांत आणि दशावतारात आयुष्य गेलेलं. मी यादी घेऊन गेलो होतो, पट्टी हार्मोनियमच्या भाषेत लिहिलेली: काळी एक, काळी दोन, पांढरी चार.

"मास्तर, ही बरोबर आहे का बघा."
"गाण्यासाठी बरोबर आहे. बोलताना कोण रे पट्टी धरून बसतो?"
"मग काय लिहू?"
"आधी सांग, तुला माणूस मागल्या बाजूनं ओळखायचाय की पुढल्या? पडद्यामागं उभा राहिलो की मी कोण बोलतो ते शब्द कळायच्या आधी ओळखतो. हेल असतो ना. डिचोलीचा वाक्य खाली सोडतो, आमचा पेडण्याचा ओढतो."

डिचोली आणि पेडण्याबद्दलचं मास्तरांचं मत त्यांचं त्यांच्याकडे, डिचोलीवाले वेगळं सांगतील. पण मुद्दा घेतला. शेवटी पाच अंगं ठरली. उंची: खर्जातला, खालचा, मधला, वरचा, किनरा. पोत: भरदार, घोगरा, पातळ, खरखरीत, चिरका, नाकातला, बसका. गती: सावकाश, तुटक, घाईचा. हेल: गाव किंवा तालुका. आणि खोड: मधेच खाकरणं, 'काय तें' म्हणणं, वाक्य अर्धवट सोडणं. खोड खेळाडूने स्वतः लिहायची, बाकी चार यादीतून निवडायची.

मास्तरांनी जाता जाता आणखी एक सांगितलं, ते पुढे कामाला येणार आहे. स्त्रीपार्टी करणारा गडी आवाज नुसता वर नेत नाही, गती बदलतो. नुसती उंची बदलली तर पहिल्या ओळीलाच हशा पिकतो.

९ जुलै

आजचा दिवस मराठी व्याकरणाचा.

इंग्रजी खेळात न दिसणाऱ्याचं काम 'समवन सेज' वर भागतं. आमच्याकडे क्रियापदच चुगली करतं. म्हणतो की म्हणते? 'कोणीतरी म्हणतं' हे नपुंसक आम्ही पळवाट म्हणून वापरत होतो. नव्या पद्धतीत कर्ताच आवाज आहे, म्हणून ही ओळ: 'एक किनरा, घाईचा आवाज म्हणतो'. आवाज पुल्लिंगी, बोलणारी बाई असली तरी वाक्य चुकत नाही आणि काही फुटतही नाही. नाव देताना ऐकणाऱ्याला तो, ती की ते हे विचारायचं आणि पुढची क्रियापदं त्याप्रमाणे. ऐकणाऱ्याचा अंदाज चुकीचा असेल तर त्याला आयुष्यभर 'बाबलो म्हणतो' असंच दिसेल, बोलणारी शेवंती असली तरी. हे मला फार आवडलं.

पण अवतरणचिन्हांच्या आतलं काय? "मी जाते" म्हटलं की संपलंच. आतेभाऊ म्हणाला, अंधारात तेही गाळून टाकूया. मी नाही म्हटलं. खेळाडूने टाइप केलेल्या बोलण्याला हात लावायचा नाही. लपायचं असेल तर त्याने लपण्यासारखं बोलावं. "मला जायचंय" म्हणावं, त्यात लिंग नाही. किंवा सरळ कोकणीत "हांव वतां", तेही बाईपुरुष दोघांना सारखंच. काही जुन्या खेळाडूंना हे आपसूक सुचेल असं वाटतं.

कृती मात्र अंधारात गाळायची. 'दाराआड उभी राहून म्हणते' यातला दाराआडचा भाग अंधारात दिसणारच नाही, फक्त आवाज आणि शब्द उरतील.

१२ जुलै

वीज नाही. काही झालं नाही.

२० जुलै

सामान्यरूपाची कटकट. 'घोगरा आवाज' ठीक, पण 'घोगऱ्या आवाजाला उत्तर द्या' लिहायचं तर वर्णन वाकवावं लागतं. यादीतल्या शब्दांसाठी दोन्ही रूपं तक्त्यात भरली. खेळाडूने दिलेल्या नावांसाठी वाक्यंच अशी रचली की नाव शक्यतो प्रथमेत राहील. बाबलोचं बाबल्याला होतं हे यंत्राला शिकवत बसण्यापेक्षा हे स्वस्त.

त्याहून चिवट प्रकार: 'घोगऱ्या' शब्द एका खेळाडूचा जुळतो, दुसऱ्याचा जुळत नाही. पडद्यावर अक्षरं हुबेहूब एकच. कारण निघालं ते असं, की ऱ्य मधला तो अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवायच्या मानकात, दोन प्रकारे लिहिता येतो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त. दोन, साधा र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. कुठला कीबोर्ड काय पाठवतो त्यावर सगळं अवलंबून. एकच अक्षर वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेलं असेल तर ते एका रूपात आणणारं युनिकोडचं नेहमीचं एनएफसी सामान्यीकरण या दोघांना एक करत नाही, त्यामुळे आज्ञा वाचण्याआधी आम्हीच दुसऱ्याचं पहिल्यात रूपांतर करतो. पाऱ्याची बाटली, सुऱ्या, वाऱ्यावर, दऱ्या, सगळ्यांचाच प्रश्न एकदम सुटला.

२७ जुलै

आराखडा बदलला, आणि मूळ गोष्टच बदलली म्हणून जरा सविस्तर.

आवाजांच्या वहीत आतापर्यंत नावाच्या मागे बोलणाऱ्या पात्राचा क्रमांक साठवत होतो. म्हणजे यंत्राला खरं माहीत, ऐकणाऱ्याला फक्त नाव दिसतं. ह्यातून गळती होते. समजा रानात दोन घोगरे आवाज आहेत. एकाला मी बाबलो म्हटलं. दुसरा बोलला की त्याच्यापुढे 'बाबलो' येत नाही, म्हणजे तो बाबलो नाही हे मला फुकट कळलं. माझ्या कानांनी दोघांत फरक केला नव्हता, यंत्राने केला. शिवाय 'घोगरा आवाज १', 'घोगरा आवाज २' असे आकडे लावले की दोन माणसं आहेत हेही मोजून मिळतं. अंधारात असं मोजून कुणी देत नाही.

म्हणून क्रमांक काढला. आता वहीत नावाच्या मागे असतं ते ऐकलेलं: उंची, पोत, गती, हेल, खोड. नवा आवाज आला की यंत्र त्याची ऐकू आलेली अंगं वहीतल्या नोंदींशी ताडून बघतं. एकाच नोंदीशी जुळलं तर ते नाव दाखवतं. दोघांशी जुळलं तर 'बाबलो किंवा पांडू म्हणतो'. कुणाशीच नाही तर नुसतं वर्णन. बोलणारा कोण हे या हिशेबात कुठेच येत नाही.

लगेच एक चांगली गोष्ट घडली. खेळात दोन भाऊ आहेत, खेळाडू वेगवेगळे, आवाज ठरवून सारखे घेतलेले. दोघांनाही गाव एकाच नावाने ओळखायला लागलं. घरी फोन उचलला की बाप समजून लेकाशी बोलत सुटणारी माणसं आपण पाहिलेलीच आहेत.

३ ऑगस्ट

ऐकू काय येतं, हा आता खरा प्रश्न. प्रत्येक वेळी पाचही अंगं ऐकू येणार नाहीत.

कुजबुज: कुजबुजताना स्वरतंतू कंप पावत नाहीत, म्हणजे आवाजाला उंचीच उरत नाही. उंची गेली, पोत बहुतेक गेला. गती, हेल आणि खोड राहतात. त्यामुळे कुजबुजणाऱ्याला ओळखायचा तो त्याच्या बोलण्याच्या ढंगावरून, आणि 'काय तें' म्हणण्याची खोड असलेला खबऱ्या कुजबुजूनही सापडेल.

भिंतीआडून: भिंत वरच्या कंपनसंख्या जास्त अडवते, खालच्या कमी. म्हणून शब्द कळत नाहीत पण कुणाचा तरी खर्ज आणि बोलण्याची लय पलीकडे पोचते. इथे शब्दांची अक्षरं गाळतो आणि उंची, गती ठेवतो.

ओरडणं: उंची एक पायरी वर सरकते. खालच्या आवाजाचा माणूस ओरडला की मधल्यासारखा ऐकू येतो. वहीत फक्त त्याचं साधं बोलणं असेल तर जुळणी हुकू शकते, आणि हुकू द्यायची.

पाऊस: फ्रेंच डॉक्टर एत्येन लोंबार यांनी १९११ मध्ये मांडलं की गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो. आमच्या गावात जून ते सप्टेंबर सगळ्यांना हे लागू. मुसळधार असेल तर साधं बोलणंही अर्धं ओरडणं धरायचं, आणि तीन हातांपलीकडे शब्द तुटक पोचायचे.

परकी भाषा: अनोळखी भाषेत बोलणाऱ्यांचे आवाज एकमेकांपासून वेगळे काढणं कठीण जातं, यावर पुष्कळ प्रयोग झालेले आहेत. म्हणून ज्या पात्राला पोर्तुगीज येत नाही त्याला पाखल्याच्या, म्हणजे पोर्तुगीज माणसाच्या, बोलण्यातले हेल आणि खोड मिळत नाहीत. चौकीवरचे सगळे शिपाई त्याला जवळजवळ एकाच आवाजाचे. उलटही तितकंच: मराठी-कोकणी न येणाऱ्या शिपायाला आमची गावकरी मंडळी तशीच. पात्रादेवीच्या सीमेवर १५ ऑगस्ट १९५५ ला सत्याग्रहींवर गोळीबार झाला, त्याआधीच्या रात्रींचा एक प्रसंग लिहिणं चालू आहे, तिथे हा नियम फार उपयोगी पडणार. शिपाई दारावर विचारतो, घरातून उत्तर येतं, आणि उत्तर देणारा घरमालकच आहे का हे त्याला कळत नाही.

१७ ऑगस्ट

विसरण्याचं काय? वहीत नोंद कायमची राहावी का?

यात एक खरी गोष्ट आहे. चार्ल्स लिंडबर्ग या वैमानिकाचं मूल पळवलं गेलं. २ एप्रिल १९३२ च्या रात्री न्यूयॉर्कमधल्या एका दफनभूमीजवळ खंडणी देताना लिंडबर्ग गाडीत बसून होते आणि दुरून आलेली एका माणसाची हाक त्यांनी ऐकली. १९३५ च्या खटल्यात त्यांनी शपथेवर सांगितलं की तो आवाज आरोपी ब्रूनो हाउप्टमान याचाच. मध्ये जवळपास तीन वर्षं गेली होती. हाउप्टमानला १९३६ मध्ये देहदंड झाला. या साक्षीमुळे फ्रान्सिस मॅकगी यांनी १९३७ मध्ये आवाजाच्या स्मरणावर प्रयोग छापला. एकदाच ऐकलेला अनोळखी आवाज दुसऱ्या दिवशी ८३ टक्के लोकांनी बरोबर निवडला, पाच महिन्यांनी फक्त १३ टक्क्यांनी.

आतेभावाला आकडे मिळाले याचाच आनंद. लगेच वक्ररेषा काढून घसरण बसवायला निघाला. मी निम्मं मान्य केलं. एकदाच ऐकलेली नोंद खेळातल्या महिन्यांनी पुसट होते: आधी खोड जाते, मग हेल, मग पोत, शेवटी नुसती उंची उरते आणि ती कुणालाही लागू पडते. पण नाव पुसायचं नाही. उलट नोंद पुसट झाली की जास्त आवाजांशी जुळायला लागते, म्हणून जुन्या आठवणीतला माणूस सगळीकडे ऐकू येऊ लागतो. लिंडबर्गांचा आत्मविश्वास कमी झाला नव्हता, हे लक्षात ठेवायचं. वारंवार ऐकलेला, घरचा, रोजचा आवाज या घसरणीतून वगळला.

४ सप्टेंबर

चवथीला सगळे गावी होते, त्यामुळे खेळाडू भरपूर मिळाले. फोंडा, डिचोली, वाळपई, एक जण पुण्याहून.

जे निघालं ते असं. लोक वर्णन फारसं वाचत नाहीत. 'एक घोगरा, सावकाश आवाज' ही ओळ दोनदा वाचतात, मग डोळे सरळ अवतरणचिन्हांत जातात. आणि तिथे ते एकमेकांना लगेच ओळखतात, कारण माणूस लिहितो तसाच लिहितो. एक खेळाडू प्रत्येक वाक्यानंतर तीन टिंबं देतो. एक 'नाही' च्या जागी कायम 'नाय' लिहितो, पात्र भटजीचं असलं तरी. पुण्याच्या मुलीचं पात्र सत्तरी तालुक्यातली म्हातारी, पण तिचं प्रत्येक वाक्य पूर्ण, विरामचिन्हासकट. अंधार असो नसो, तिला सगळ्यांनी पकडलं.

म्हणजे आवाज दोन आहेत. एक यंत्राने दिलेला, एक बोटांमधून उतरणारा. दुसऱ्याला आम्ही हात लावू शकत नाही, लावणारही नाही. पण पात्राच्या कानाला जे कळलं नाही ते खेळाडूच्या डोळ्याला कळलं तर वागायचं कसं, हा जुना भांडणाचा विषय. नियमावलीत लिहिलं: वहीत जे आहे त्यावरच पात्राने वागायचं. पाळतील तेवढं पाळतील. चांगले खेळाडू पाळतात, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते जास्त आवडतं. एका खेळाडूला खबऱ्या कोण हे तीन टिंबांवरून पक्कं कळलं होतं, तरी त्याचं पात्र निमूट त्याच्यामागून चालत राहिलं. पुढचा अख्खा प्रसंग त्याच्यामुळे उभा राहिला.

२१ सप्टेंबर

'नक्कल' आज्ञा. ज्याचा आवाज वहीत आहे त्याचाच काढता येतो, आणि वहीत जितकी अंगं ऐकलेली आहेत तितकीच. ज्याला फक्त कुजबुजताना ऐकलं त्याची नक्कल केली तर उंची स्वतःची येणार. आपल्या उंचीपासून दोन पायऱ्यांहून लांब गेलं तर पोत आपोआप 'चिरका' होतो. गती मात्र सुटी ठेवली. मास्तरांनी सांगितलेली स्त्रीपार्टीची गोष्ट इथे बसवली. खेळाडूने नकलेत गती बदललीच नाही तर ऐकणाऱ्यांच्या वहीशी जुळणी सैल होते. लांब बोललं की धोका वाढतो, दरेक काही वाक्यांनंतर मूळ आवाजातलं एक अंग डोकावतं. एका शब्दाची हाक मात्र बेमालूम निघते. रात्री दारावर कुणी एका शब्दात हाक मारली तर दार उघडू नये, हे आमच्या आज्या काय उगाच सांगत नव्हत्या.

ऐकणाऱ्याला 'ही नक्कल आहे' असं कधीच दाखवायचं नाही. क्रमांक काढून टाकल्यामुळे हे वेगळं लिहावंच लागलं नाही. यंत्राच्या लेखी तो बाबल्याचा आवाजच आहे.

५ ऑक्टोबर

खेळाडूंची मागणी: चुकीची जोडणी झाली असेल तर खेळाने नंतर सांगावं, निदान प्रकरण संपल्यावर. एका खेळाडूने दोन प्रकरणं भलत्याच माणसावर संशय धरून घालवली, त्याला आता वाईट वाटतंय. आतेभावालाही वाटतं की कुठेतरी खरं उत्तर मिळालं पाहिजे.

नाही. 'विसर' आज्ञा दिली आहे: नोंद पुसता येते, जोडणी तोडता येते. 'तपास' आज्ञा देणार नाही. उत्तर द्यायचं म्हटलं तर बोलणाऱ्याचा क्रमांक पुन्हा वहीत आणावा लागेल, आणि एकदा तो आत आला की कुठून ना कुठून गळणार. सर्व्हरच्या नोंदींतही बोलणाऱ्याचा क्रमांक आणि ऐकणाऱ्याची वही आता वेगवेगळ्या फायलींत आहेत. भांडण सोडवायला आतेभाऊ त्या जुळवून बघू शकतो, खेळाडू नाही.

१२ ऑक्टोबर

दिवाळीतल्या नरकासुराच्या रात्रीचा प्रसंग तयार. गावच्या पोरांनी कागदाचे मुखवटे चढवलेले, ढोल चालू, पहाटे प्रतिमा जाळायची. मुखवटा म्हणजे चेहऱ्याची वही बंद, ढोल म्हणजे सगळे अर्धे ओरडणारे, त्यामुळे आवाजाची वहीही डळमळीत. पेरणी समाजाच्या जागरातले लाकडी मुखवटे घालावेत असंही कुणी सुचवलं होतं, पण तो एका समाजाचा विधी आहे, गर्दीच्या गमतीसाठी नको.

१९ तारखेच्या रात्री सगळ्यांसाठी खुलं करतोय. त्याआधी राहिलेलं: 'बसका' हा पोत सर्दी झाल्यावर तात्पुरता लागू करणे, ढोलाच्या अंतराचे आकडे पुन्हा तपासणे, आणि तीन नावं एकदम जुळली तर ओळ फार लांब होते, तिथे 'ओळखीचा वाटणारा आवाज म्हणतो' एवढंच दाखवणे. मास्तर स्वतः खेळायला येतो म्हणालेत. त्यांना टाइप करता येत नाही, नातू करणार आहे, म्हणजे तीन टिंबं नातवाची असतील की मास्तरांची ते बघायचंय.